बंद सराव, दुखापतीची बातमी आणि विद्यार्थी वार्ताहर: फुटबॉल कोचचा अधिकार कुठवर?

प्रश्न असा आला आहे. नाशिकची एक मुलगी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात शिकते आणि तिथल्या विद्यार्थी-दैनिकासाठी फुटबॉल संघाच्या बातम्या करते. फुटबॉल म्हणजे हेल्मेट-पॅडवाला अमेरिकन फुटबॉल. संघाचा सराव पत्रकारांना सुरुवातीची पंधरा मिनिटंच पाहता येतो आणि तिथे दिसलेली दुखापत छापायची नाही, अशी लेखी अट आहे. एका रविवारी तिला संघाचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, मेसमध्ये दिसला, पायात डॉक्टर देतात तो जाड बूट. तिने संघातल्या दोघांकडून खात्री करून घेतली, क्रीडा विभागाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला प्रतिक्रिया विचारली, ती आली नाही, आणि बातमी लावली. सोमवारी सकाळी त्याच अधिकाऱ्याचा फोन: बातमी काढा, हा फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींची गुप्तता) आणि हिपा (रुग्णांच्या माहितीची गुप्तता) या दोन्ही कायद्यांचा भंग आहे, नाहीतर तुमचा पत्रकार-पास रद्द. तिचे प्रश्न तीन. आमचं चुकलं का? कोचला एवढा अधिकार असतो का? आणि मुळात एवढं लपवतात कशासाठी?

बातमी काढू नकोस. तू कायदा मोडलेला नाहीस आणि सरावाची अटही मोडलेली नाहीस, कारण ही बातमी तुला सरावात मिळालीच नव्हती. उत्तर एवढंच आहे, पण असे फोन पुढेही येतील, म्हणून सविस्तर लिहिते. मी मिडवेस्टमधल्या एका दैनिकाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षं कॉलेज फुटबॉल केलं आणि आता विद्यार्थी-पत्रकारांना मार्गदर्शन करते. मी वकील नाही. प्रकरण खरंच कोर्टाच्या दिशेने जायला लागलं, तर स्टुडंट प्रेस लॉ सेंटरला फोन कर. १९७४ पासून ही संस्था विद्यार्थी-पत्रकारांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देते.

आधी कोचची बाजू सांगते, कारण ती खरी आहे. नियमित मोसमात सामने बारा. एक हरला तरी वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. आठवडाभर बसवलेली नवी रचना शनिवारी एकदाच चालते. प्रतिस्पर्ध्याला तिचा आधीच सुगावा लागला तर तीही चालत नाही. त्यात २०२४ पर्यंत कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगी नव्हती. सीमारेषेवरून हातवारे करून, चित्रांचे फलक दाखवून डाव कळवायचे. हे इशारे चोरण्याचं केवढं मोठं प्रकरण होऊ शकतं ते मिशिगन विद्यापीठाने २०२३ मध्ये दाखवलं. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याला आधी जाऊन टेहळणी करायला एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या देशव्यापी संस्थेची, १९९४ पासून बंदी आहे. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने तशी टेहळणी पद्धतशीरपणे घडवून आणल्याचा आरोप झाला, बिग टेन परिषदेने, म्हणजे मिशिगन ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाने, मुख्य कोच जिम हार्बॉ यांना नियमित मोसमातल्या शेवटच्या तीन सामन्यांना मैदानात येऊ दिलं नाही, आणि तरीही संघ जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. हे सगळं पाहिलेला कोच कुंपणाला ताडपत्री लावतो, तेव्हा त्याची भीती काल्पनिक नसते.

शिवाय झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे आकडा त्याहून बराच मोठा आहे. टेक्सस ए अँड एम या सरकारी विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी त्यांना देणं लागलेली रक्कम सुमारे ७.६ कोटी डॉलर होती. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. ज्याची नोकरी दोन पराभवांवर टांगलेली आहे, तो माणूस ताकास तूर लागू देणार नाही. पण पगाराच्या याच आकड्यामुळे त्याच्या कारभाराची चौकशी करणं हे तुझं कामही ठरतं.

कडक बंदोबस्ताने सामने जिंकता येतात, हे मात्र मला कधी पटलेलं नाही. निक सेबन यांनी अलाबामात सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आणि बोलण्याचा अधिकार जवळपास स्वतःकडेच ठेवला. त्यांचे सहायक कोच मोसमात क्वचितच पत्रकारांसमोर यायचे. उलट पीट कॅरल यांच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या यूएससीमध्ये सराव खुला असे. पत्रकार यायचे, चाहतेही कडेला उभे राहायचे, आणि तो संघ २००३ आणि २००४ या दोन्ही मोसमांत असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत पहिला आला. त्याच विद्यापीठात २०१२ मध्ये लेन किफिन कोच असताना एका स्थानिक दैनिकाच्या बातमीदाराने किकरच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्याचं छापलं, तर त्याला दोन आठवड्यांची बंदी घातली गेली; टीका झाल्यावर ती मागे घेतली. विद्यापीठ तेच, पण दाराचा नियम कोचच्या स्वभावाबरोबर बदलला. म्हणून एसआयडी, म्हणजे क्रीडा विभागाचा माहिती-संचालक (तुला फोन करणारा तो अधिकारी), ‘हे असंच असतं’ म्हणाला तर मान डोलावू नकोस. आपल्या विद्यापीठात आधीच्या कोचच्या वेळी काय नियम होता ते जुन्या अंकांत शोध.

आता त्या पंधरा मिनिटांबद्दल. नवखे वार्ताहर ती फुकट घालवतात. फोनवर स्ट्रेचिंगचा व्हिडिओ काढतात आणि परत येतात. तू आदल्या रात्री रोस्टर, म्हणजे संघाची यादी, छापून ने, खेळाडूंच्या क्रमांकांनुसार. कॉलेजमध्ये एकच क्रमांक दोघांना असू शकतो, एक आक्रमक फळीत आणि एक बचाव फळीत, म्हणून क्रमांकासमोर जागा लिहून ठेव, नाहीतर ‘७ नंबर दिसला’ या नोंदीचा घरी आल्यावर काहीच उपयोग होत नाही. आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं फक्त खुणा कर: आलेला, न आलेला. मग जर्सीचे रंग पाहा. क्वार्टरबॅकची जर्सी वेगळ्या रंगाची असते, म्हणजे त्याला सरावात कोणी पाडायचं नाही; पण एखाद्या लाइनबॅकरच्या, म्हणजे बचाव फळीतल्या खेळाडूच्या, अंगावर तो वेगळा रंग दिसला, तर तो बरा होत आलेला पण धक्काबुक्कीला मोकळा न केलेला असतो. बाजूला ट्रेनरबरोबर सायकल मारत कोण बसलंय, रांगेत पहिला कोण उभा राहतो आणि गेल्या आठवड्यात कोण राहत होता, लाइनच्या कोचजवळ कोणता मुलगा रेंगाळतोय, हे सगळं त्या वेळातच दिसतं. शिट्टी वाजली की तुम्हाला बाहेर काढतात आणि अकरा विरुद्ध अकराचा खरा खेळ सुरू होतो.

यातलं अटीप्रमाणे छापता येणार नाही ते छापू नकोस. मान्य केलेली अट पाळायची, यात मला तडजोड चालत नाही. पण तिथे पाहिलेल्या गोष्टीमुळे तुला काय विचारायचं ते कळतं, आणि तोच प्रश्न कुंपणाबाहेर विचारायला कोणतीही अट आड येत नाही. त्याच अटीच्या कागदावर ‘सरावात पाहिलेलं’ एवढंच लिहिलंय की ‘संघाविषयी कोणत्याही मार्गाने कळलेलं’ असं लिहिलंय, हे नीट वाच. दुसऱ्या प्रकारचा कागद असेल तर सही करू नका. संपादकाने लेखी कळवावं की आम्ही मैदानात पाहिलेल्यापुरती अट पाळू, त्यापलीकडे नाही.

फर्पा आणि हिपाची भीती घालणं हा इथला सर्रास चालणारा प्रकार आहे. फर्पा १९७४ चा. विद्यापीठाने सांभाळलेल्या शैक्षणिक नोंदी विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय बाहेर देऊ नयेत, एवढं तो सांगतो. तो विद्यापीठाला लागू आहे, वार्ताहराला नाही. तू मेसमध्ये डोळ्यांनी पाहिलेला बूट ही ‘नोंद’ नाही. शिक्षा आहे ती विद्यापीठाचा केंद्र सरकारी निधी बंद करण्याची, आणि ती आजवर एकाही विद्यापीठाला झालेली नाही. हिपा १९९६ चा. तो डॉक्टर, रुग्णालयं, विमा कंपन्या यांना बांधतो. वार्ताहराचा त्यात समावेश नाही. मित्राने ‘त्याचा घोटा दुखावलाय’ असं सांगितलं तर तो मित्रही हिपा मोडत नाही. संघाचा डॉक्टर स्वतःहून बोलला तर त्याची नोकरी धोक्यात येईल, तुझा पास नव्हे. आणि कोच स्वतः पत्रकार परिषदेत ‘हा तीन आठवडे बाहेर’ म्हणतात ना, ते खेळाडूंनी आधी सही केलेल्या संमतीपत्राच्या जोरावर.

या कायद्याची ढाल किती ताणतात याचं माझं आवडतं उदाहरण मेरीलँड विद्यापीठाचं आहे, आणि ते लढलं विद्यार्थ्यांनी. १९९६ मध्ये तिथल्या एका बास्केटबॉल खेळाडूला तीन सामन्यांची बंदी झाली, कारण पार्किंगचे दंड भरायला त्याने एका माजी कोचकडून पैसे घेतले होते. विद्यार्थी-दैनिक ‘द डायमंडबॅक’ने खेळाडूंच्या आणि मुख्य कोचच्या पार्किंग दंडाच्या पावत्या मागितल्या. विद्यापीठ म्हणालं, खेळाडूंच्या पावत्या शैक्षणिक नोंदी आहेत, फर्पाखाली देता येत नाहीत. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पार्किंगचा दंड ही शैक्षणिक नोंद नव्हे. पुढे २००९ मध्ये ‘कोलंबस डिस्पॅच’ने देशातल्या मोठ्या फुटबॉल विद्यापीठांकडे सारखीच कागदपत्रं मागितली. एका विद्यापीठाने सरळ दिली, तर दुसऱ्याने त्याच कागदावर फर्पाचं नाव सांगून काळी शाई फासली. कायदा एकच असताना असं होतं, तेव्हा अडचण कायद्याची नसते. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या माजी सिनेटर जेम्स बकली यांनीही त्या वेळी, विद्यापीठं मूळ हेतू सोडून तो वापरताहेत, अशी तक्रार केली होती.

आज हीच ढाल नव्या ठिकाणी दिसते. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. सरकारी विद्यापीठाचे हे करार पाहायला मागितले की पुन्हा फर्पा पुढे येतो. यावर येती काही वर्षं भांडणं होणार, आणि ती उकरून काढायला विद्यार्थी-दैनिकं योग्य जागी बसली आहेत.

कोचच्या अधिकाराचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. सरावाचं मैदान सरकारी विद्यापीठाचं असलं तरी तो चव्हाटा नाही. सराव सगळ्यांना सरसकट बंद ठेवायचा, किंवा पंधरा मिनिटांपुरता उघडायचा, हा अधिकार कोचला आहे. त्यावर भांडण्यात तुमची ताकद घालवू नका. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा सर्वांना खुल्या असलेल्या पार्किंगच्या वरच्या मजल्यावरून जे सहज दिसतं ते पाहायला कायद्याने आडकाठी नाही. कुंपण ओलांडणं, झाडावर चढणं, ड्रोन उडवणं यातलं काहीही करू नकोस.

तुझं विद्यापीठ सरकारी आहे, म्हणून त्याला अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, म्हणजे बोलण्या-छापण्याच्या स्वातंत्र्याची हमी, लागू होते. छापून आलेल्या मजकुरावर राग धरून बाकी सगळ्यांना खुल्या असलेल्या पत्रकार परिषदेतून फक्त तुम्हाला बाहेर काढलं, तर ते कायद्याने अडचणीत येऊ शकतं. कोच तुझ्या प्रश्नाला उत्तर देणारच नाही म्हणाला, तर मात्र काही करता येत नाही. २००६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ‘बॉल्टिमोर सन’च्या प्रकरणात हाच फरक धरला. मेरीलँडच्या राज्यपालांनी दोन पत्रकारांशी बोलू नका असा आदेश आपल्या कर्मचाऱ्यांना दिला होता, आणि न्यायालयाने तो सूड ठरवला नाही. खासगी विद्यापीठात तर पहिल्या दुरुस्तीचा आधारही नसतो. तिथे फक्त लाज आणि लोकमत कामाला येतं, पण ते येतं. यूएससीने सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा एका तरुण बातमीदाराला दोन आठवडे बाहेर ठेवायचं ठरवलं, आणि गदारोळ झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला.

तुझं राज्य कोणतं ते तू लिहिलेलं नाहीस, आणि त्याने फरक पडतो. इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन ही राज्यं ज्या अपील न्यायालयाखाली येतात त्याने २००५ मध्ये विद्यापीठ-प्रशासनाला विद्यार्थी-अंकांवर जास्त पकड देणारा निकाल दिला. इलिनॉयने मग २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करून कॉलेजच्या पत्रकारांना संरक्षण दिलं. इंडियानात काय होऊ शकतं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं. इंडियाना विद्यापीठाने विद्यार्थी-माध्यमांच्या संचालकाला कामावरून काढलं आणि ‘इंडियाना डेली स्टुडंट’चा छापील अंक थांबवला. तेव्हा मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर असलेल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या ‘एक्सपोनंट’ने एक विशेष अंक छापून इंडियाना विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनमध्ये, नेऊन वाटला. महिना संपायच्या आत छपाईबंदी मागे घेतली गेली. तुमचा अंक विद्यापीठाच्या पैशावर चालतो की स्वतंत्र संस्थेच्या, हे संपादकाला आजच विचार.

खेळाडूंशी परस्पर बोलायचं नाही, सगळं एसआयडीमार्फतच, हा दुसरा दंडक. २०११ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या ‘केंटकी कर्नल’च्या वार्ताहराने बास्केटबॉल संघात दोन विद्यार्थी येताहेत का, हे त्यांनाच फोन करून विचारलं. बस, एवढ्यावरून त्याला मोसमापूर्वीच्या मुलाखतींच्या कार्यक्रमातून वगळलं. देशभर टीका झाली. हा नियम खेळाडूवर कितपत बंधनकारक ठरतो यावर वाद आहे, पण वार्ताहराला तो बांधत नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाशी बोलायला परवानगी लागत नाही. बोलल्याने त्याचं काय होईल याची काळजी मात्र तुलाच करायची आहे.

इथवर मी डावपेचांच्या गुप्ततेबद्दल बोलले, आणि तिथे कोचला बरीच सूट द्यायला मी तयार आहे. पण ज्या दाराआड नवी रचना लपते, त्याच दाराआड मुलांच्या शरीराचं काय चाललंय तेही लपतं. मी इतकी वर्षं या विषयाला चिकटून राहिले ती यामुळेच.

२९ मे २०१८. मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मोसमाआधीचा व्यायाम, ११० यार्डांच्या दहा धावा. जॉर्डन मॅकनेअर नावाचा १९ वर्षांचा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, धावता धावता कोलमडायला लागला. उष्माघात. अशा वेळी मुलाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, शरीराचं तापमान उतरेपर्यंत. ते झालं नाही. लक्षणं दिसल्यापासून अ‍ॅम्ब्युलन्स निघेपर्यंत दीड तासाहून जास्त वेळ गेला, असं विद्यापीठाने नेमलेल्या तज्ज्ञांच्याच चौकशीत निघालं. १३ जूनला तो गेला. बाहेरच्या जगाला संघातल्या दहशतीच्या वातावरणाबद्दल कळलं ते ऑगस्टमध्ये, ईएसपीएनने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांशी बोलून बातमी दिल्यावर. मग विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. कोच डीजे डर्किन यांना रजेवर पाठवलं, ३० ऑक्टोबरला परत घेतलं, आणि लोक खवळल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं. यात कोणता डाव होता जो प्रतिस्पर्ध्यापासून लपवायला हवा होता?

नॉर्थवेस्टर्नचं प्रकरण तर तुझ्या टेबलावर चिकटवून ठेवावं असं आहे. शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमधलं हे खासगी विद्यापीठ. तिथे पहिली दुरुस्ती लागू नाही, माहिती अधिकाराचा कायदा लागू नाही. ७ जुलै २०२३ ला, शुक्रवारी, विद्यापीठाने फुटबॉल संघातल्या हेझिंगच्या, म्हणजे नव्या मुलांच्या छळाच्या, चौकशीचा त्रोटक सारांश दिला आणि सतरा मोसम कोच असलेल्या पॅट फिट्झजेराल्ड यांना दोन आठवडे बिनपगारी निलंबित केलं. उन्हाळा, कॅम्पस रिकामा, विषय तिथेच मिटला असता. दुसऱ्या दिवशी ‘द डेली नॉर्थवेस्टर्न’च्या विद्यार्थ्यांनी एका माजी खेळाडूने सांगितलेला तपशील छापला, लैंगिक स्वरूपाच्या छळाचा. सोमवारी, १० जुलैला, फिट्झजेराल्ड यांना काढलं गेलं. न्यायाने हेही सांगायला हवं की आपल्याला काही माहीत नव्हतं ही त्यांची भूमिका कायम राहिली, त्यांनी १३ कोटी डॉलरचा दावा लावला, तो ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोडीने मिटला, आणि खेळाडूंनी त्यांना हेझिंगबद्दल सांगितल्याचं सिद्ध झालं नाही, असं विद्यापीठानेही म्हटलं. हेझिंग झालं होतं, यावर मात्र विद्यापीठ ठाम राहिलं.

त्या मुलांना सरावाचा पास कामी आलाच नव्हता. त्यांच्याकडे माजी खेळाडूचा विश्वास होता, आणि तो जे सांगतोय ते पडताळून पाहण्याची चिकाटी होती. याच विद्यापीठात २०१६ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या वकिलांनी फुटबॉल संघाच्या नियमपुस्तिकेवर बोट ठेवलं होतं, आणि खेळाडूंनी पत्रकारांशी फक्त कार्यालयामार्फत बोलावं हा नियम बदलावा लागला होता.

तिसरं नाव नोटर डेम विद्यापीठाचं. ऑक्टोबर २०१० मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात हायड्रॉलिक शिडीवर उभा राहून सरावाचं चित्रीकरण करणारा २० वर्षांचा विद्यार्थी शिडी कोसळून गेला. तो संघासाठीच काम करत होता. राज्याच्या कामगार-सुरक्षा विभागाने विद्यापीठाला दंड केला. तुझ्याच वयाची मुलं त्या मैदानाच्या कडेला टॉवेल, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी असतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही. तू बोल.

आता तुझ्या क्वार्टरबॅककडे परत येऊ. कायदा तुझ्या बाजूने आहे म्हणून सगळं छापावं असं नाही. तो वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आहे. ‘पायात बूट होता, शनिवारी खेळण्याबद्दल शंका आहे’ एवढं तू पाहिलंस आणि पडताळलंस, म्हणून ते छापणं बरोबर. ‘हाड मोडलं’ हे तू पाहिलेलं नाहीस. मानसिक आजार, व्यसनमुक्ती, घरचं दुःख यामुळे एखादा खेळाडू बाहेर असेल, तर ‘वैयक्तिक कारणाने अनुपस्थित’ यापुढे त्याच्या संमतीशिवाय जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आणि बातमी लावण्याआधी त्याला स्वतःला एक निरोप टाकायचा, दरवेळी.

सट्ट्याची बाजूही समजून घे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरची देशव्यापी बंदी उठवली. तेव्हापासून कोणाचा घोटा दुखतो या माहितीला बाजारभाव आला. मे २०२३ मध्ये अलाबामाच्या बेसबॉल कोचला काढलं गेलं. आपला पिचर खेळणार नाही ही खबर त्याने सट्टा लावणाऱ्यापर्यंत पोहोचवली होती. बिग टेन २०२३ पासून आणि एसईसी ही दुसरी मोठी परिषद २०२४ पासून सामन्याआधी कोण उपलब्ध आहे याची यादी जाहीर करतात, ती याच कारणाने. म्हणजे तुझा कोच सोमवारी जे लपवत होता ते शनिवारपर्यंत बहुधा त्याच्याच परिषदेच्या नियमाने उघड होणार होतं. तुझ्यासाठी यातून एक कडक नियम निघतो: बातमी छापून येईपर्यंत ती खबर रूममेटलाही सांगायची नाही, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही नाही, आणि ज्या खेळाच्या बातम्या करतेस त्यावर एक डॉलरही लावायचा नाही.

एसआयडीला उत्तर संपादकाच्या सहीने जाऊ दे, तुझ्या नव्हे. चार वाक्यं पुरेत: ही माहिती सरावाबाहेर मिळाली, बातमीत काही तथ्याची चूक असेल तर दाखवा, लगेच दुरुस्त करू, फर्पा आणि हिपाचं कोणतं कलम मोडलं ते लेखी कळवा, पासच्या अटी आम्ही पाळल्या आहेत आणि पाळत राहू. कलम सहसा येत नाही. फोनवर वाद घालू नकोस. जे काही म्हणणं आहे ते ईमेलवर मागायचं, म्हणजे पुढे माहिती अधिकारात तोच ईमेल मागता येतो.

आणि अर्ज टाकायला लागा. कोचचा करार, त्यातली काढून टाकल्यास द्यायची रक्कम, विद्यापीठाने एनसीएएला दिलेला वार्षिक आर्थिक अहवाल, स्वतःहून कळवलेले नियमभंग, उष्माघाताबद्दलचा लेखी आराखडा. सराव-मैदानाच्या पत्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स किती वेळा गेली ही नोंद विद्यापीठाकडे मागू नका, शहराच्या आपत्कालीन सेवेकडे मागा. ती शैक्षणिक नोंद आहे असं म्हणायला तिथे कोणी बसलेलं नसतं.

तू विद्यार्थी व्हिसावर आहेस, म्हणून एक जास्तीची सूचना. विद्यार्थी-दैनिक स्वतंत्र संस्थेचं असेल तर तिथलं मानधन ‘कॅम्पसवरचं काम’ धरलं जाईलच असं नाही. पैसे घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घे. परवानगीशिवाय आवारात शिरण्याचा साधा गुन्हाही तुला वर्गमित्रांपेक्षा महाग पडेल. २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात विद्यार्थी-दैनिकातल्या लेखानंतर एका परदेशी विद्यार्थिनीला ताब्यात घेतलं गेलं, तेव्हापासून आई-बाबांना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेत नाही. तो लेख राजकीय होता आणि फुटबॉलची बातमी वेगळी, तरी कोणत्या बातमीवर आपलं नाव द्यायचं हे संपादकाशी बसून ठरव. दोघांच्या नावाने बातमी देणं किंवा नुसतं ‘क्रीडा विभाग’ लिहिणं यात कमीपणा नाही.

मंगळवारी सरावाला नेहमीसारखी जा, रोस्टर घेऊन. दारात अडवलं तर हुज्जत घालू नकोस. वेळ, अडवणाऱ्याचं पद, त्याने सांगितलेलं कारण शब्दशः लिहून घे, बाकीचे पत्रकार आत गेले का ते पाहा, आणि त्याच संध्याकाळी तेवढीच बातमी कर.